क्लबच्या राइडवर अपघात झाला तर खर्च कोण उचलणार? सायकलस्वारांसाठी विमा आणि सुरक्षिततेची पूर्वतयारी

क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राइडची घोषणा आली की प्रश्न ठरलेले असतात. किती किलोमीटर, घाट आहे का, नाश्ता कुठे. ‘विम्याचं काय?’ असं सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर ‘फॉर्म भरून घेतोय ना’ असं उत्तर येतं. पण तो फॉर्म म्हणजे हमीपत्र असतं. ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे’ एवढंच त्यात लिहिलेलं असतं आणि त्यातून हॉस्पिटलच्या बिलातला एक रुपयाही सुटत नाही. तेव्हा पुढच्या रविवारच्या आधी एक संध्याकाळ काढा आणि हे काम उरकून टाका.

आधी तीन प्रकारचे अपघात वेगळे करा

पैसे कुठून येणार हे अपघात कसा झाला यावर ठरतं.

पहिला प्रकार म्हणजे तुम्ही एकटेच पडलात. रंबलरवर हँडल सुटलं, वळणावर खडी होती, किंवा पावसात रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर चाक सरकलं. इथे समोर कुणीच नाही. तुमचा मेडिक्लेम आणि तुमचा वैयक्तिक अपघात विमा, एवढाच आधार.

दुसरा प्रकार, सोबतच्या सायकलस्वारामुळे पडलात. पुढच्याने अचानक ब्रेक मारला, तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला घासलं आणि तुमच्यामागचे आणखी दोघे तुमच्यावर आले. सायकल हे कायद्याने मोटार वाहन नाही. त्यामुळे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं दार इथे उघडत नाही, आणि सायकलस्वाराला तृतीय पक्ष (थर्ड पार्टी) विमा घेण्याची सक्तीही नाही. दिवाणी दावा करता येतो, पण ज्याच्यासोबत दर रविवारी मिसळ खायची त्याच्यावर दावा लावणारा अजून माझ्या पाहण्यात नाही. म्हणजे याही वेळी खिसा आपलाच.

तिसरा प्रकार, मोटार वाहनाने धडक दिली. ट्रक, कार, उलट्या बाजूने आलेली मोटारसायकल, काहीही असो. या प्रत्येक वाहनाला तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि सायकलस्वार हा तिथे तृतीय पक्षच असतो. भरपाईचा रस्ता लांबचा, पण आहे.

आता यातली गोम पाहा. विम्याचं पांघरूण तोकडं पडतं ते पहिल्या दोन प्रकारांत, आणि त्यातला क्लबला स्वतःच्या शिस्तीने टाळता येण्यासारखा अपघात म्हणजे दुसरा. म्हणून या लेखात विम्याइतकीच जागा रांगेत सायकल कशी चालवायची याला दिली आहे.

ब्रिटनमध्ये राहणारे आपले नातेवाईक कधी कधी सांगतात की तिथे सायकलिंग यूके किंवा ब्रिटिश सायकलिंगचं सदस्यत्व घेतलं की दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा त्यातच येतो. खरं आहे, पण आपल्याकडच्या क्लबच्या वर्गणीत तसं काही आपोआप येत नाही.

ई-सायकलवाल्यांसाठी एक सूचना. मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच ती सायकलच्या हिशोबात बसते. ‘लिमिट काढून घेतलंय’ असं अभिमानाने सांगणारा गडी प्रत्यक्षात विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन चालवत असतो. त्याला राइडवर घेऊ नका.

मग स्वतःची कागदपत्रं बाहेर काढा

मेडिक्लेमची पॉलिसी वाचताना आधी वगळलेल्या गोष्टींच्या यादीत ‘धोकादायक किंवा साहसी खेळ’ हे कलम शोधा. सायकलवाल्यांना याचीच जास्त धास्ती असते. आरोग्य विम्याच्या प्रमाणित शब्दरचनेत हे कलम अशा खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांपुरतं आहे आणि उदाहरणं गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार शर्यती, स्कूबा डायव्हिंग अशी आहेत. हौसेने क्लबसोबत खडकवासल्याला जाणारा त्यात बसत नाही. मात्र तुम्ही बक्षिसाच्या शर्यती खेळत असाल किंवा पैसे घेऊन प्रशिक्षण देत असाल, तर कंपनीला ई-मेल करून उत्तर लेखी घ्या. एजंटचं ‘काही प्रॉब्लेम नाही’ हे उत्तर धरायचं नाही. वैयक्तिक अपघात विम्यात आणि ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत शब्द वेगळे असू शकतात. तिथे ‘शर्यत’ हा शब्द शोधा.

पॉलिसी नवी असेल तर पहिल्या ३० दिवसांचा प्रतीक्षाकाळ अपघाताला लागू नसतो.

खोलीभाड्याची मर्यादा हा लोकांना न दिसणारा खड्डा. समजा मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आहे आणि तुम्ही १०,००० ची खोली घेतली. कपात फक्त भाड्यापुरती राहत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खोलीच्या दर्जावर ठरणारे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्यावर येऊ शकतात. अपघाताच्या गडबडीत नातेवाईक जी मिळेल ती खोली घेतात, म्हणून घरच्यांना हा आकडा आधीच सांगून ठेवा. ग्लोव्हज, सिरिंज असल्या किरकोळ वस्तूंचा खर्चही वेगळी जोड (अ‍ॅड-ऑन) घेतली नसेल तर बहुधा तुमच्याच माथी येतो.

आणि आता कॉलरबोन. सायकलवरून पडणारा माणूस हात पुढे टाकतो किंवा खांद्यावर आपटतो, त्यामुळे हे हाड आपल्या खेळात ओळखीचं झालेलं आहे. एक्स-रे काढला, पट्टा बांधला आणि घरी पाठवलं, तर साध्या मेडिक्लेममधून काही मिळत नाही, कारण २४ तास दाखल असण्याची अट पूर्ण होत नाही. प्लेट टाकायची वेळ आली तर ऑपरेशनचा खर्च मिळतो. दाखल न होता घेतलेले टाके, ड्रेसिंग, फिजिओथेरपी यांचे पैसेही मिळत नाहीत. ओपीडीचं संरक्षण वेगळं घेतलं नसेल तर या खर्चासाठी हाताशी थोडी रोकड असलेली बरी.

मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भागवतो. काम बंद पडलं तर घर कसं चालवायचं, हा प्रश्न वैयक्तिक अपघात विम्याचा. नोकरदाराला निदान रजा तरी असते. दवाखाना, दुकान किंवा वर्कशॉप चालवणाऱ्याने हा विमा नसताना घाट उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कुठला घ्यावा ते सुचत नसेल तर ‘सरल सुरक्षा बीमा’ मागा. विमा नियामकाने २०२१ मध्ये ठरवून दिलेली ही प्रमाणित पॉलिसी आहे, त्यामुळे कंपनी बदलली तरी अटी त्याच राहतात. विमा रक्कम २.५ लाखांपासून १ कोटीपर्यंत घेता येते. मृत्यू, कायमचं पूर्ण अपंगत्व आणि कायमचं अंशतः अपंगत्व मूळ पॉलिसीत येतं. तात्पुरत्या पूर्ण असमर्थतेची जोड घेतली तर आठवड्याला विमा रकमेच्या ०.२ टक्के मिळतात, म्हणजे २० लाखांवर आठवड्याला ४,००० रुपये. फक्त ‘पूर्ण’ या शब्दावर बोट ठेवा. डावा हात गळ्यात असताना तुम्ही लॅपटॉपवर काम करू शकत असाल तर कंपनी प्रश्न विचारणारच.

प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना वर्षाला २० रुपयांत मिळते, वय १८ ते ७०. अपघाती मृत्यूला २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा कायमचा गेल्यास १ लाख. हॉस्पिटलचा खर्च यात नाही. अनेकांनी बँकेत कधीतरी सही केलेली असते आणि विसरलेले असतात. मेअखेरीच्या सुमारास खात्यातून २० रुपये गेलेत का ते पासबुकात पाहा आणि घरच्यांना सांगा.

स्कूटरच्या पॉलिसीतला १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा सायकलवर चालत नाही. हा गैरसमज शिकलेल्या माणसांतही सर्रास दिसतो.

सायकलचा विमा घ्यायचा की नाही, ते तिच्या किमतीवर ठरवा. २५ हजारांच्या सायकलला मी घेणार नाही. कार्बन फ्रेम असेल तर घ्या, पण घसारा किती कापणार आणि स्पर्धेतलं नुकसान धरणार का, ते विचारून घ्या. खरेदीचं बिल आणि पेडलचा आस फ्रेममध्ये जिथे बसतो तिथे खालच्या बाजूला कोरलेल्या फ्रेम नंबरचा फोटो आजच काढून ठेवा.

क्लबला कोणते प्रश्न विचारायचे

‘इव्हेंटचा इन्शुरन्स आहे’ असं पोस्टरवर असेल तर बहुतेक वेळा तो गट अपघात विमा असतो. विचारा की त्यात हॉस्पिटलचा खर्च आहे की फक्त मृत्यू आणि अपंगत्व? नावांची यादी कंपनीला राइडच्या आधी जाते का? ऐनवेळी आलेल्याचं काय? वयाची अट आहे का? घरून सुरुवातीच्या ठिकाणापर्यंतचा प्रवास धरला आहे का? पॉलिसीची प्रत किंवा प्रमाणपत्र मागा. यात लाजण्यासारखं काही नाही, आयोजक नीट असेल तर तो स्वतःच पाठवतो.

ऑडॅक्स इंडियाच्या २००, ३००, ४०० किंवा ६०० किलोमीटरच्या बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची, गोष्ट वेगळी. तिथे स्वार स्वतःवर अवलंबून असतो हेच त्या प्रकाराचं तत्त्व आहे. मागे मदतीची गाडी असेल असं धरून निघू नका.

हमीपत्रावर सही केल्याने ट्रकवाल्याविरुद्धचा तुमचा हक्क जात नाही आणि मेडिक्लेमही अडत नाही. आयोजकांनीही हे ध्यानात ठेवावं की कागदावरच्या सहीने उघड निष्काळजीपणा झाकला जात नाही. क्लबच्या नावावर पॉलिसी हवी असेल तर क्लब कागदावर असावा लागतो, म्हणजे संस्था नोंदणी कायदा, १८६० किंवा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला पॉलिसी मिळत नाही, आणि फक्त विमा घेण्यासाठी जमवलेला गटही नियमात बसत नाही.

राइड ठरवताना

मार्ग निवडतानाच निम्मी सुरक्षितता ठरते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग सायकलला बंद आहेत. ‘पहाटे कुणी नसतं’ म्हणून तिथे शिरणारे स्वतःचा दावाही कमकुवत करतात. शनिवार-रविवारी सिंहगडावर जायचं तर गाड्यांची रीघ लागायच्या आत उतरून खाली या. पालखीच्या दिवसांत दिवे घाटाचं नाव काढू नका. साधारण नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम असतो. बारामती, सातारा, कोल्हापूर, सोलापूर पट्ट्यात अंधारात राइड सुरू करणं त्या काळात मी टाळतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, बाहेर आलेला ऊस डोळ्यांच्या उंचीवर आणि रस्त्यावर सांडलेली कांडं. अशा भागात उजाडल्यावरच निघा.

पावसाळ्यात ताम्हिणी सुंदर दिसतो हे कबूल, पण पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते कळत नाही आणि वळणावर शेवाळ असतं. उड्डाणपुलांवरच्या लोखंडी सांध्यांवर आणि रेल्वे फाटकात रुळांवर चाक शक्यतो काटकोनात घाला आणि त्या क्षणी ब्रेक लावू नका.

पुढे लीडर, शेवटी एक अनुभवी स्वार, आणि शेवटच्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. दोघांकडे एकमेकांचा नंबर, सगळ्यांची यादी, प्रत्येकाचा रक्तगट, घरचा एक नंबर आणि विमा कंपनीचं नाव. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्याने लीडरला कानात सांगून ठेवावं. डोक्याला मार लागला तर ही माहिती डॉक्टरांना सगळ्यात आधी लागते.

तीस जण एका झुंडीत सोडू नका. सहा ते आठ जणांचे गट करा आणि दोन गटांमध्ये एखादी एसटी ओव्हरटेक करून आत येऊ शकेल एवढं अंतर ठेवा. लांबलचक रांग ओलांडता येत नाही म्हणून वैतागलेला ड्रायव्हर समोरून गाडी दिसली की आपल्या अंगावरच गाडी घेतो. गट वेगानुसार पाडा, मैत्रीनुसार नको. ताशी २८ ने जाणाऱ्यांत २२ वाला घुसवला की तो दमतो, मान खाली जाते आणि मग समोरचं काही दिसत नाही.

रांगेत सायकल चालवताना

सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे तुमचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला जाऊ देऊ नका. तो खड्डा चुकवायला वीतभर सरकला तरी त्याला काही होत नाही, मागचा मात्र जमिनीवर येतो. नवख्याने पुढच्यापासून निदान एका सायकलभर अंतर ठेवावं. चिकटून हवा कापत जाण्याची मजा असते, पण ती सहा महिने त्याच माणसांबरोबर चालवल्यावर.

नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नका. त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहा.

दचकून ब्रेक नको. थांबायचं असेल तर आधी आवाज, मग हात, मग ब्रेक. शब्द राइडच्या सुरुवातीलाच ठरवा: ‘खड्डा’, ‘मागून गाडी’, ‘थांबतोय’, ‘कुत्रं’. कुणी ‘कार बॅक’ म्हणतो, कुणी हात फिरवतो, कुणी नुसतंच ‘ए ए ए’ ओरडतो. एकच भाषा ठेवा आणि ती रांगेत मागेपर्यंत पोचवा. पंक्चर झालं तर जागेवर थांबायचं नाही. हात वर करून हळूहळू डावीकडे साइडपट्टीवर जायचं. साइडपट्टी बऱ्याच ठिकाणी डांबरापेक्षा चार बोटं खाली असते, म्हणून कडेवरून तिरकं उतरू नका.

मागून वाहतूक असेल तर एकामागे एक. रिकाम्या रस्त्यावर दोघे शेजारी चालतील, तिघे कधीच नाही.

घाट उतरताना गट मोडायचा. बोपदेव असो की कसारा, प्रत्येकाने आपलं अंतर वाढवायचं आणि ब्रेक वळणाच्या आधी मारायचा. खाली कुठे जमायचं ते वरच सांगायचं म्हणजे मागे राहिलेला घाईने उतरत नाही. रिमब्रेकवाल्यांनी ब्रेक सतत दाबून धरू नयेत. रिम तापली की ट्यूब फुटू शकते.

गटात इअरफोन नको, ट्रायथलॉनच्या एअरोबारवर (पुढे झुकून कोपरं टेकवायच्या दांड्यावर) हात नको, चालत्या सायकलवर सेल्फी नको. सायकलस्वाराला हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाही, पण क्लबने ‘हेल्मेट नाही तर राइड नाही’ हा नियम करावा आणि अध्यक्षांनाही लावावा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. न्यायाधिकरणापुढे समोरचा वकील ‘सायकलस्वार दिसलाच नाही’ हा मुद्दा हमखास काढतो, आणि तुमचा हलगर्जीपणा सिद्ध झाला की भरपाईत तेवढी कपात होते.

अपघात झाल्यावर पहिला तास

आधी रस्ता सांभाळा. दोघांनी मागे ५०-१०० मीटरवर उभं राहून वाहनं सावकाश करायची, नाहीतर एकाचे चार जखमी होतात. पडलेल्याला ओढून बसवू नका. मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर हलवायचं नाही, हेल्मेटही काढायचं नाही. श्वास नीट चालत नसेल तर गोष्ट वेगळी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ सुद्धा.

डोकं आपटलेला माणूस ‘मी ठीक आहे, चला’ म्हणतो. त्याचं ऐकू नका. तोच तोच प्रश्न विचारत असेल, उलटी झाली, झोप येत असेल तर ताबडतोब हॉस्पिटल. यातलं काही नसलं तरी त्या दिवशी सायकलवर बसायचं नाही आणि घरी एकटं राहायचं नाही.

एकाने फक्त पुराव्याचं काम करायचं. वाहनाचा नंबर सगळ्यात आधी, मग जागेचे, ब्रेकच्या खुणांचे, सायकलचे फोटो आणि साक्षीदारांचे फोन नंबर. कुणाच्या सायकलवर कॅमेरा असेल तर ते फुटेज त्याच दिवशी दुसरीकडे उतरवून ठेवा, नाहीतर त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. मदतीला थांबलेल्या गावकऱ्यांना सांगा की मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मुळे मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव सांगायचीही सक्ती नाही.

नंतरचे कागद

हॉस्पिटलमध्ये एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद झाली की नाही ते विचारा. मोटार वाहनाची धडक असेल तर ‘सायकलवरून पडला’ एवढंच लिहू देऊ नका, वाहनाचा उल्लेख हवा. ‘आपसात मिटवू, पाच हजार घ्या’ असं वाहनवाला म्हणत असेल तर नम्रपणे नकार द्या. त्या क्षणी साधा वाटणारा मार दोन दिवसांनी फ्रॅक्चर निघतो. एफआयआर, पंचनामा आणि समोरच्याच्या विमा पॉलिसीची प्रत मिळवा. मेडिक्लेम कंपनीला तातडीच्या वेळी साधारण २४ तासांत कळवावं लागतं. हे काम जखमीने नव्हे, घरच्याने किंवा क्लबमधल्या एकाने करायचं.

मोटार वाहनाच्या अपघातात केंद्राच्या २०२५ च्या योजनेनुसार निवडलेल्या रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत १.५ लाख रुपयांचे कॅशलेस उपचार मिळतात. एकटे पडलात तर ही योजना लागू नाही.

भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली अर्ज करता येतो. कायद्यात मुदत अपघातापासून ६ महिन्यांची आहे, तेव्हा हाड जुळेपर्यंत थांबू नका. अर्ज तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो. म्हणजे महाडजवळ धडक बसलेल्या पुणेकराला दर तारखेला घाट उतरायची गरज नाही. चूक कुणाची हे सिद्ध करायचं नसेल तर कलम १६४ चा मार्ग आहे: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला २.५ लाख, ठरलेली रक्कम. कमाई मोठी आणि नुकसान जास्त असेल तर १६६ बरं, पण हे वकिलाला कागद दाखवून ठरवा. वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये मिळू शकतात. प्राप्तिकर विवरणपत्रं, पगारपत्रकं, औषधाची प्रत्येक पावती, फिजिओथेरपीच्या तारखा हे सगळं एका फाइलमध्ये जमवत जा.

सायकलचा विमा असेल तर कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत ती दुरुस्तीला देऊ नका. हेल्मेट मात्र एकदा आपटलं की बाद करा, बाहेरून चांगलं दिसलं तरी.

क्लेम नाकारला गेला तर नकाराचं कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडे पाठवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुणे दोन्हीकडे आहेत, तक्रारीला फी नाही आणि वकीलही लागत नाही. मुदत एक वर्षाची आहे. तिथे कंपनीच्या माणसासमोर तुम्हाला स्वतःच बोलायचं असतं, म्हणून सुरुवातीला कंपनीकडून ई-मेलवर घेतलेलं ते साहसी खेळाचं उत्तर छापून सोबत न्या.